रबर उन्हाळ्यात मरतं

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानासमोर गाड्या लागतात आणि तक्रार एकच असते, लाइटमध्ये पाणी गेलं. कुणाच्या काचेवर आतून दव धरलेलं, कुणाच्या हेडलाइटच्या तळाशी पाणी डुचमळतंय. गाडी जेवढी भारी, तेवढा मालक जास्त चिडलेला. लातुरात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करताना एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट काही लोकांच्या गळी उतरवता आलेली नाही. यात पावसाचा दोष फारसा नाही. तुमच्या लाइटचं रबर एप्रिल-मेच्या उन्हातच मेलं होतं, पावसाने ते फक्त उघडं पाडलं.

लोकांना हे पटत नाही, याला गावही थोडं कारणीभूत आहे. लातूरकराला पाणी जास्त झाल्याची सवय नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये इथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात दारात पाइप लावून गाडी धुतली असती तर गल्लीने शिव्या घातल्या असत्या. लोक ओल्या फडक्याने पुढची काच तेवढी पुसायचे. अशा गावात, गाडीत पाणी शिरू नये म्हणून लावलेल्या रबराकडे कोण कशाला बघेल? पण रबराला पाणी मारतच नाही. त्याला ऊन मारतं, हवा मारते, बल्बची धग मारते. आणि गाडी चकचकीत दिसावी म्हणून ड्रायव्हर डिझेलचं फडकं फिरवतो, तेही मारतं.

हे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळालं ते एका जुन्या मर्सिडीजमध्ये. ई-220, 1996 ची. जाणकार या मॉडेलला डब्ल्यू 124 म्हणतात. जर्मनीत ही गाडी 1984 मध्ये आली. आपल्याकडे 1994 मध्ये टेल्कोबरोबर, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सबरोबर, भागीदारी झाली आणि पुण्यात या गाडीची जुळणी सुरू झाली, 1995 पासून. भारतात जुळलेली पहिली मर्सिडीज ती हीच. गंमत अशी की त्याच 1995 मध्ये तिकडे हिची पुढची पिढी बाजारात आली होती आणि इथे ही नवीकोरी म्हणून विकली जात होती. म्हणजे भारतातली सगळ्यात तरुण डब्ल्यू 124 सुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. पत्रा अजून ठणठणीत असतो. दार लावलं की जो भारदस्त आवाज येतो, तो आजच्या दुप्पट किमतीच्या गाडीला येत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. इंजिनही नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर चालतं. आधी मान टाकतं ते रबर.

मराठवाड्यात या गाड्या येतात त्या सहसा तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे. पहिला मालक पुण्या-मुंबईचा कारखानदार, मग कुणी बिल्डर, मग इकडचा कुणी डॉक्टर किंवा आडत्या. तुरीने किंवा सोयाबीनने एखादं वर्ष हात दिला की मनात दडलेली हौस बाहेर येते. या गाडीचे मालकही आडत व्यापारी. मी त्यांना शेठजी म्हणतो, ते मला मिस्त्री. गाडी वर्षभर गोडाऊनशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. लग्नसराईत आणि तुळजापूरला जाताना तेवढी बाहेर निघते. शेठजींना वाटायचं की गाडी सावलीत आहे म्हणजे जपलेली आहे. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना पत्र्याखाली उभं राहून बघा. तिथे ऊन लागत नाही एवढंच, भाजून निघायचं राहत नाही. शिवाय शेजारी धान्य चाळायच्या यंत्राची मोटर दिवसभर फिरायची. तिचा या प्रकरणाशी काय संबंध, ते पुढे सांगतो.

शेठजी आले ते नांदेडहून रात्री परत येताना घाबरून. नांदेड-लातूर रस्त्यावर उसाच्या हंगामात रात्री गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी, आणि उसाच्या मोळ्या बाहेर लोंबत असतात. तसा एक ट्रॅक्टर त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसला. बल्ब दोन्ही चालू होते. पण काचेला आतून ओल धरली की बल्बचा उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोर धुकं पसरल्यासारखा विखरतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो, आपल्याला मात्र दिसत नाही.

डब्ल्यू 124 चा हेडलाइट काढायला फार झटापट करावी लागत नाही. बोनेट उघडायचं, कडेचा इंडिकेटर मोकळा करायचा, काचेखालची पट्टी सावकाश सरकवायची, मग लाइटचे नट. सावकाश म्हणतो कारण एवढं जुनं प्लास्टिक घाई केली की कटकन मोडतं आणि मग ती पट्टी शोधत गावोगाव फोन करावे लागतात. लाइट हातात आला की वजनावरूनच कळतं आत पाणी आहे की नाही. या गाडीची काच खरी काच आहे, उभ्या रेघांची, जाड. कडेने बसवलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा काढल्या की ती डब्यापासून सुटते. काच आणि डबा यांच्यामध्ये सगळीकडून फिरवलेली रबराची पट्टी असते. मागे बल्ब बदलायच्या झाकणाला दुसरं रबर. लाइट आणि फेंडर यांच्यामधल्या फटीत तिसरं.

डाव्या लाइटची पट्टी वरच्या कडेला वाळलेल्या कुरडईसारखी झाली होती, नख लावलं की तुकडे. तीच पट्टी खालच्या कडेला मात्र फुगून चिकट झालेली. बोट लावलं तर बोट काळं, आणि तो काळा डाग साबणानेही निघेना. एकाच रबराची दोन टोकांना दोन तऱ्हेची गत. उजव्या लाइटवर कुणीतरी आधी हात चालवला होता. काचेच्या कडेने पांढरं सिलिकॉन फासलेलं, बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात भरतात तसलं. त्याला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो असिटिक आम्लाचा. बंद डब्यात ते आम्ल कोंडलं की रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते आणि होल्डरचे तांब्याचे पॉइंट हिरवे पडतात. इथे दोन्ही झालं होतं. मागच्या झाकणाचं मूळ रबर तर गायबच. त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी होती. खरं सांगायचं तर सगळ्या जुगाडात तीच त्यातल्या त्यात बरी होती. ज्याने लावली त्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

होल्डरमधून बल्ब काढला तर तो 100/90 वॅटचा. कंपनीने दिलेला एच-4 बल्ब 60/55 चा असतो. उजेड कमी पडतो म्हणून आपल्याकडे सर्रास मोठा बल्ब घालतात आणि उजेड कमी का पडतोय हे कुणी बघत नाही. वायरिंग जुनं असतं, अर्थिंग गंजलेलं असतं, बल्बपर्यंत पुरतं व्होल्टेजच पोचत नाही. मोठ्या बल्बची सगळी धग डब्याच्या वरच्या भागात साठते, कारण गरम हवा वर जाते. वरची कडा कडक का झाली, त्याचं उत्तर इथे मिळालं.

झाडाच्या चिकापासून केलेलं कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने त्यात गंधक घालून तापवलं आणि ते टिकाऊ, लवचीक झालं. गंधकाने रबराचे धागे एकमेकांना जागोजाग बांधले जातात. पण ही बांधणी कारखान्यात कायमची थांबत नाही. पुढे वर्षानुवर्षं धग मिळत राहिली की आणखी गाठी पडत जातात, रबर आवळत जातं आणि शेवटी लवचिकपणा संपतो. त्यात हवेतला ओझोन. साध्या रबराच्या धाग्यांत काही कच्चे दुवे असतात, ओझोन नेमके तेच तोडतो, आणि रबर ताणलेलं असेल तर फार लवकर. म्हणून भेगा नेहमी ताणाला आडव्या पडतात. कुठलंही जुनं रबर वाकवून बघा, बाहेरच्या बाजूला बारीक बारीक चिरा उघडतील. ठिणग्या टाकणारी मोटर आणि वेल्डिंग मशीन यांच्याजवळ ओझोन तयार होतो. चाळणीच्या मोटरशेजारी गाडी उभी करण्यात काय वाईट होतं, ते शेठजींना मी असंच समजावलं. मान हलवली त्यांनी, पण चेहऱ्यावर दिसत होतं की मिस्त्री काहीतरी पुस्तकी बोलतोय.

खालच्या कडेचं चिकट होणं हे डिझेलचं काम. फडकं फिरवताना डिझेल ओघळून खाली साचतं, रबर ते पिऊन फुगतं आणि लिबलिबीत होतं. ईपीडीएम नावाचं रबर ऊन आणि ओझोनला चांगलं टिकतं, म्हणून गाडीच्या दारा-खिडक्यांना आजकाल तेच असतं. पण तेल, डिझेल आणि पेट्रोल यांच्यापुढे तेही टिकत नाही. रबराला लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरे. आपल्याकडे मात्र ड्रायव्हरच्या हाताशी जे असतं तेच रबराला मिळतं.

भेगा, चिकटपणा हे डोळ्यांना दिसतं. मला जास्त त्रास होतो तो न दिसणाऱ्या दोषाचा. रबर वरून काळंभोर, गुळगुळीत, पण दबून बसलेलं. सीलचं काम नुसतं मध्ये पडून राहायचं नाही, उलटं ढकलायचं आहे. काच दाबते, रबर परत दाबतं, म्हणून फट राहत नाही. वर्षानुवर्षं दाबून राहिलेलं, तापलेलं रबर उलटं ढकलणं सोडून देतं. क्लिप काढली तरी ते चपटंच राहतं. असं रबर बघून मालक म्हणतो, हे तर चांगलंय की. मग मी त्याच्यासमोर नवा तुकडा आणि जुना तुकडा चिमटीत धरून दाबून दाखवतो.

आता यावर उपाय म्हणून सगळं ठासून बंद करणं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात लाडकी चूक. हेडलाइटला श्वास लागतो. बल्ब लागला की आतली हवा तापून फुगते, ती बाहेर जायला वाट हवी. बल्ब विझला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून कंपनी डब्याला छोटी नळी किंवा जाळीचं भोक ठेवते, तोंड खाली, म्हणजे हवा येते-जाते आणि पाणी चढत नाही. मेकॅनिक ते भोक बघतो, पाणी इथूनच शिरलं म्हणतो आणि सिलिकॉनने बुजवतो. मग डबा ज्या फटीतून सापडेल तिथून हवा ओढतो, आणि पावसात त्या फटीवर पाणी असतं. एकदा आत आलेलं पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. थंडीच्या सकाळी काचेवर हलकी वाफ आली आणि लाइट लावून थोडा वेळ गाडी चालवल्यावर गेली, तर ते दुखणं नाही. थेंब ओघळायला लागले, तळाला पाणी साचलं, तर दुखणं. काही जण आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. पुडी एकदा भिजली की तिचं काम संपलं, मग ती नुसती ओल धरून बसते.

शेठजींच्या गाडीची दोन्ही भोकं चिखलाने आणि कसल्यातरी किड्याच्या मातीच्या घराने बंद होती. आधी ती मोकळी केली. रिफ्लेक्टरला मी फडकं लावत नाही. धातूचा तो मुलामा इतका पातळ असतो की कोरड्या कापडाच्या एका हाताने ओरखडे पडतात. डिस्टिल्ड पाण्यात नावाला साबण टाकून नुसतं खळबळून घ्यायचं, मग साधं डिस्टिल्ड पाणी, मग ड्रायरची गार हवा. उजवीकडचे काळे डाग गेले नाहीत, जाणार नव्हतेच.

मूळ सील मागवायचं तर सगळा लाइटच घ्या, असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने लाइट मिळतात, पण त्यांची रबरं तेवढीच म्हातारी असतात. मग मी मोजमाप घेऊन रोलचं रबर बसवतो. दुकानदार अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं रबर दाखवतात. ते भरीव असतं, दबत नाही, क्लिप बसवताना काच तडकायची भीती. इथे स्पंजासारखं फुललेलं, बंद छिद्रांचं ईपीडीएम लागतं. तोंड तिरकं कापून जोड मारायचा आणि जोड लाइटच्या खालच्या कडेला ठेवायचा. वर ठेवला तर पाणी थेट जोडावरच पडतं. जोड झटपट चिकटवायच्या गोंदाने मारता येतो, पण मारायचा तो लाइटच्या बाहेर, आणि पट्टी रात्रभर उघड्यावर ठेवायची. त्या गोंदाची वाफ बंद डब्यात राहिली तर रिफ्लेक्टरवर आणि काचेवर पांढरी साय धरते. जुन्या रबराचा चिकटा निघेपर्यंत खोबण साफ करणं हे खरं काम. लाकडाची चपटी काडी, स्पिरिट, आणि घाई न करणारा माणूस. पोराला बसवलं तर तो स्क्रूड्रायव्हरने खरवडतो आणि खोबणीला चरे पाडतो, म्हणून हे मी स्वतः करतो.

बिल बघून शेठजींनी चष्मा वर केला.

"मिस्त्री, रबराला अडीचशे आन् मजुरी अडीच हजार? काय बोलूलालाव?"

"शेठजी, नवं रबर लावायला वेळच लागत नाही. जुनं काढण्यात दिवस गेला."

"पाण्याचे चार थेंब होते हो आत."

"सोयाबीनची ओल 12 च्या वर दिसली की तुम्ही शेतकऱ्याचा भाव किती पाडता?"

हे त्यांना लागलं. हसले, पण पाचशे तरी कमी केलेच. माझीही काही हरकत नव्हती. जुन्या गाडीच्या रबराचं काम पूर्ण मजुरी लावून कधीच परवडत नाही. बल्ब मात्र मी 60/55 चाच घातला, रिले टाकून बल्बपर्यंत पुरतं व्होल्टेज नेलं आणि 100 चा बल्ब त्यांच्या हातात ठेवला. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पासिंगला आरटीओत जावं लागतं, तिथे लाइट बघतात, हे सांगितल्यावर त्यांनी तो मुकाट्याने खिशात टाकला.

अलीकडच्या महागड्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांना काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि ते डब्याला काळ्या डांबरी दिसणाऱ्या गोंदाने कायमचं चिकटवलेलं. ब्यूटाइलचा गोंद असेल तर गरम करून उघडता येतो, कडक गोंद असेल तर उघडताना कडाच तुटते. आत झेनॉन असेल तर खाली त्याला वीज पुरवणारा बॅलास्ट बसवलेला. त्यात पाणी गेलं की एकट्या बॅलास्टला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात शेठजींच्या गाडीची सगळी रबरं बदलून व्हावीत. अशा लाइटला मी हात लावायच्या आधी मालकाकडून होकार घेतो, आणि बऱ्याच वेळा मागच्या झाकणाचं रबर आणि श्वासाची नळी एवढंच बघून परत पाठवतो. पुष्कळदा दुखणं तिथेच असतं.

मुद्दा राहतो तो वेळेचा. हे काम करायचं मार्चमध्ये, हवा कोरडी असताना, म्हणजे डबा आतून पुरता वाळतो. जूनमध्ये मी लाइट बंद करतो तेव्हा बाहेरची दमट हवाच आत कोंडतो. म्हणून मार्चमध्ये येणाऱ्याला मजुरी कमी, अशी पाटी मी एक वर्ष लावून बघितली. लोकांनी वाचली, कौतुक केलं, आणि जूनमध्ये आले. मार्चमध्ये लोक येतात ते एसीचा गॅस भरायला. तेव्हा बोनेट उघडलेलंच असतं, म्हणून मी लाइटचं मागचं झाकण काढतो आणि रबर बोटाने दाबून सोडतो. परत वर आलं तर ठीक.

"एसीसाठी आलोय हो, लाइटला कशाला हात लावूलालाव?"

"फुकट बघतोय, मालक. रबर गेलंय तुमचं."

"पाऊस पडल्यावर बघू."

मी गाडीचा नंबर वहीत लिहून ठेवतो. जूनसाठी रबराचा रोल किती मीटर मागवायचा, ते त्या पानावरून बरोबर कळतं.